घरच्या गणपतीची माती घेऊन पेण-रोहा

पौषातल्या एका शनिवारी सकाळी मी पूजा आटोपली, गच्चीवर गेलो आणि खुरपं घेऊन टबातली माती खणायला बसलो. शाडू वाळला की दगडासारखा होतो. खुरपं नुसतं सरकत होतं. शेवटी वर पाणी शिंपडून, ढेकळं सुटी करून मी ती एका धुतलेल्या तांदळाच्या पिशवीत भरली.

ही माती आमच्या घरच्या गणपतीची. गाव सोडून पनवेलला आलो तेव्हापासून आम्ही गच्चीवरच टबात विसर्जन करतो. गावी नदी होती. विसर्जन झालं की तिथली मूठभर माती घरी आणायची आणि रिकाम्या पाटावर ठेवायची, अशी आमच्याकडे रीत. इथे मूठभर आणायचा प्रश्नच नव्हता, सगळी मातीच घरात राहायची. पहिल्या वर्षी वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, ती जास्वंदीच्या कुंडीत घातली. शाडूने कुंडीचं तोंडच बंद केलं, पाणी खाली उतरेना आणि जास्वंद मान टाकू लागली. तेव्हापासून माती टबातच राहिली. दरवर्षी जुन्या मातीवर नवी बसत गेली. फेकायला हात होईना, आणि ठेवायची कशासाठी तेही कळेना.

मी ज्या छापखान्यात काम करतो तिथे एक माहितीपत्रक छापायला आलं होतं. रोह्याजवळच्या एका कार्यशाळेचं. त्यात लिहिलं होतं, विसर्जनानंतरची शाडूची माती आम्हाला द्या, आम्ही तिच्यापासून भाजलेली उपयोगी भांडी करतो. प्लास्टर घेत नाही. त्या कागदाची शाई वाळायच्या आत माझं ठरलं होतं की जाऊन बघायचं. ठरलं ते जायचं. द्यायचं की नाही ते ठरलं नव्हतं.

वंदना खाली डबे घासत होती. "पेणला जाऊन रोह्याला जातो, मुक्काम नंदूकडे," असं सांगून मी पिशवी खांद्यावर घेतली.

पनवेलहून रोह्याकडे जाणारी मेमू हा या प्रवासाचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत देखणा मार्ग. तिकीट एका चहा-वड्याच्या पैशात येतं. मात्र गाड्या मोजक्या आहेत, वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. आपटा सोडलं की डोंगर जवळ येतात. भात केव्हाच कापून झालेलं, आणि त्याच ओलीवर वालाची रोपं हिरवी झालेली. थंडीत या भागात यावं ते यासाठी.

जिते स्टेशनात एक बाई वालाच्या शेंगांची पाटी घेऊन चढली आणि माझ्यासमोर बसली. पाटी मांडीवर आणि पाय माझ्या पिशवीवर.

"काय हाय वो यात? तांदूल?"

"माती."

"माती?" ती शेजारणीकडे वळली. "ऐकलंस गो? पनवेलला जागा सोन्याच्या भावानं इकतात, आनि ह्ये माती घेऊन फिरतात!"

"घरच्या गणपतीची आहे," मी म्हटलं.

तिने चटकन पाय उचलले, वाकून पिशवीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग पेण येईपर्यंत ती एका बाजूला तिरकी बसून राहिली. मला हसू आलं आणि जरा भीतीही वाटली. मी जे करायला निघालो होतो ते या बाईला सांगितलं असतं तर?

पेण स्टेशनावरून गावात यायला रिक्षा घ्यावी लागते. आमची मूर्ती ज्यांच्याकडून येते ते मधुकाका जुन्या आळीत राहतात. सत्तरीला आले, पण कारखान्यात सकाळी पहिले तेच असतात. थंडीचे दिवस असले तरी पेणला गणपतीचं काम थांबत नाही. फळ्यांवर ओळीने बिनरंगी मूर्ती, सगळ्यांचे डोळे अजून व्हायचे. मी कधीही तिथे गेलो की आधी चप्पल काढतो. काका दरवेळी म्हणतात, "अरे घाल, पायाला खिळा लागंल."

मी पिशवी उघडून दाखवली. काकांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली.

"माझीच हाय. वळखली." मग भुवई वर. "पन पनवेलकर, यात एक मुकुट प्लास्टरचा हाय. तुमाला एका वर्षी उंच मुकुट पायजे व्हता ना? शाडूचा उभा राहीना, मग मी साच्यातला लावून दिलेला."

"तो वंदनाला हवा होता," मी म्हटलं.

"कोनाला का असंना. हाय."

मग मी मुख्य प्रश्न विचारला. रोह्याला ही माती भट्टीत भाजतात. भाजावी का?

काकांनी ऐकून घेतलं. हातातल्या मूर्तीच्या सोंडेवरून ओलं बोट फिरवत राहिले. "आमच्या धंद्यात मूर्ती आगीत जात नाय," ते म्हणाले. "भट्टी कुंभाराची. आमची मूर्ती कच्चीच पायजे. पान्यात विरघळली पायजे. हा नियम माझ्या बापानं सांगितला, मी पोरांना सांगितला."

"म्हणजे नको?"

"मी मूर्ती म्हटलं. तुमी उत्तरपूजा करताव की नाय? मूर्ती जागेवरनं हलवताव की नाय? मग देव गेला. ऱ्हायली ती माती." जरा थांबून हसले. "पन खरं सांगू? मला कोन म्हनंल तुमच्या हातानं भट्टीत टाका, तर माझाबी हात फुडं व्हनार नाय. तेवा मला इचारू नका."

असा सल्ला घेऊन मी बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, पोह्याचे पापड घेतले. पापड जातानाच घ्या, परतताना पेणला उतरणं होत नाही. परतीच्या गाडीत मात्र ते मांडीवर धरा, नाहीतर गर्दीत त्यांचा चुरा होतो.

दुपारच्या मेमूला बराच वेळ होता म्हणून एसटी धरली. वडखळला सगळी गर्दी अलिबागकडे वळते आणि पुढचा रस्ता एकदम आपला वाटू लागतो. नागोठण्याला महामार्ग सोडला की झाडं सुरू होतात. कंडक्टरने पिशवीचं वेगळं तिकीट घेतलं नाही, पण "सिमेंट असंल तर मागं ठेवा" असं मात्र म्हणाला.

कार्यशाळा रोह्याच्या बाहेर, कुंडलिका नदीच्या पलीकडे एका बंद पडलेल्या भातगिरणीत आहे. रिक्षावाल्याला "मडक्यांची गिरणी" म्हटलं की कळतं. चालवते ती अनघा, रोह्याचीच मुलगी, चाळिशीच्या आतली. गिरणी तिच्या वडिलांची. बाहेर मातीकामाचं शिक्षण घेऊन ती परत आली, आणि जवळच्या वाडीतल्या बायकांबरोबर काम करते. बघायला जायचं असेल तर आधी फोन करा, भट्टीच्या दिवशी कोणालाच वेळ नसतो.

मला वाटलं होतं शोभेच्या वस्तू असतील. भिंतीला फळ्या होत्या आणि फळ्यांवर बिस्किटाएवढ्या भाजलेल्या चकत्या, शेकड्याने. प्रत्येकीच्या पाठीवर खुणा. कुठे शेतातली लाल माती जास्त, कुठे शाडू जास्त, कुठे तुसाच्या राखेचा हात फिरवून वर काचेसारखी हिरवट झिलई आलेली. निम्म्याहून जास्त फुटलेल्या.

"या का ठेवल्यात?" मी विचारलं.

"याच महत्त्वाच्या," अनघा म्हणाली. "चांगली निघालेली चकती फक्त सांगते की जमलं. फुटलेली सांगते, का नाही जमलं."

कोपऱ्यात खापरांचा मोठा ढीग होता, काळी पडलेली. ती पोपटीची मडकी. आमच्या रायगडात थंडीत शेतावर वालाच्या शेंगा मडक्यात भरून मडकं उपडं ठेवतात, भोवती जाळ करतात, ती पोपटी. मडकी तडकली की बांधावर फेकून देतात. अनघाच्या बायका ती खापरं गोळा करतात आणि कुटून नव्या मातीत मिसळतात, म्हणजे भांडं वाळताना चिरत नाही. भट्टीलाही लाकूड नाही. तूस दाबून केलेल्या विटकुळ्या जाळतात. नदीची माती त्या उचलत नाहीत. तळी आणि शेतं साफ होतात तेव्हाची घेतात.

आणि बनवतात काय, तर पाणी गाळायचं भांडं. कुंडीसारखं दिसतं. मातीत बारीक तूस मळायचं, भांडं भाजायचं. आत तूस जळून जातं आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. त्यातून पाणी थेंब थेंब खाली उतरतं, गाळ वर राहतो. वाडीवर झऱ्याचं पाणी गढूळ येतं, तिथे काही घरांत ही भांडी ठेवली आहेत. पाण्याचे नमुने तपासायला जातात. "अजून आम्ही सगळ्यांना सांगतो, गाळलेलं पाणी उकळूनच प्या," अनघा म्हणाली. "खात्री झाल्याशिवाय मी दावा करणार नाही."

शाडू एकटा चाकावर चढत नाही, पण लाल मातीत मिसळला की साच्यात छान बसतो, म्हणून त्यांना तो हवा असतो. माझ्या पिशवीतली पसाभर माती तिने पाण्यात भिजवून कापडातून गाळली. कापडावर तांदळाएवढे पांढरे खडे राहिले. काकांचा मुकुट.

"एवढासा खडा भिंतीत राहिला तरी भांडं नंतर तिथेच फुटतं," ती म्हणाली. "पण निघेल. दोनदा गाळू. दादा, एक मात्र बघा. आत्ता ही पाण्यात टाकली तर परत माती होते. एकदा भट्टीत गेली की पुन्हा कधी विरघळणार नाही. तिथपर्यंत तुम्ही मागे फिरू शकता, नंतर नाही."

माझ्या मनात काट्यासारखं सलत होतं ते हेच. मातीची परत माती होणं, हाच तर आमच्या गणपतीचा अर्थ. आणि मी ते दार बंद करायला आलो होतो.

तिथली रीत अशी की माती नुसती घेत नाहीत. ज्याच्या घरची आहे त्याने स्वतः पहिली मळायची. मागे एका गृहस्थांनी माती दिली आणि भांडी झाल्यावर परत मागायला आले, तेव्हापासून हा नियम. मी बाह्या वर केल्या. मळायच्या घमेल्याशी बेबीताई बसल्या होत्या, वाडीवरच्या. त्यांच्या घरातही असं एक भांडं आहे.

"एकटंच आलाव?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घरात नैवेद्य कोन करतं गनपतीला?"

"बायको."

"मोदक कोन वळतं?"

"बायकोच."

"दुर्वा कोन निवडतं?"

मी बाह्या आणखी वर सरकवल्या.

"आनि माती एकट्या तुमची व्हय?" बेबीताईंनी इतर बायकांकडे पाहिलं आणि सगळ्या फसकन हसल्या. "इचारलं का तिला?"

नव्हतं विचारलं. खरंच सांगतो, मला ते सुचलंच नव्हतं. वर्षानुवर्षं त्या टबावर झाकण घालणारी, मांजर बसू नये म्हणून वर वीट ठेवणारी वंदना, आणि मी सकाळी तिच्या डोक्यावरच्या गच्चीतून ती माती उचलून घेऊन आलो होतो.

"जाऊन इचारा," बेबीताई म्हणाल्या. "माती कुठं पळत नाय."

पिशवी तिथेच फळीवर ठेवली. संध्याकाळी रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या देवळात जाऊन बसलो. काही मागितलं नाही. अशा वेळी मी मागत नाही, नुसता बसतो. उठलो तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं, पण छाती हलकी झाली होती.

माझा मावसभाऊ नंदू रोह्याजवळच्या वरसे गावात राहतो. कंपनीत शिफ्टला जातो, त्या दिवशी सुट्टी होती. नातेवाईक नसतील त्यांना रोह्यात स्टँडजवळ साधे लॉज मिळतील. पण नातेवाईक शोधाच, कारण लॉजवाला पोपटी लावत नाही.

दिवस मावळता नंदूने घरामागच्या शेतात तयारी केली होती. दोन मडकी, एक कोंबडीचं आणि एक माझ्यासाठी शाकाहारी. तळाला भांबुर्डीचा पाला, मग ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबलेला. मडकी उपडी करून भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या. मी त्याला दिवसभराची हकीकत सांगितली.

"म्हणजे दादा, तू देवाला आगीत घालणार?" त्याने काडी ओढली.

"देवाला नाही. मातीला."

"मग वहिनी तुला घालणार!" नंदू एवढा मोठ्याने हसला की शेजारच्या इमारतीतून कोणीतरी खिडकी उघडून विचारलं, पोपटी झाली का.

पाल्याचा वास सुटला तसे लोक जमत गेले. नव्या वसाहतीतले, एकमेकांना नीट ओळखत नसलेले, हातात वर्तमानपत्राचा कागद घेऊन. मडकं उघडलं. वाफ, ओवा, धूर. शेंगा बोटांना भाजत होत्या आणि कोणी थांबायला तयार नव्हतं. एक आजोबा शेंग सोलत म्हणाले, "कुकरात शिजव म्हणते सून. कुकरात शिजतात त्या नुसत्या शेंगा." मी हसत होतो, खात होतो, आणि पहिल्यांदाच त्या जाळाकडे बिनधास्त बघत होतो. घरातल्या दिव्याची ज्योत तेवढी माझी, आणि भट्टीतली परकी, असं मी उगाच धरून बसलो होतो.

सकाळी तडकलेल्या दोन्ही मडक्यांची खापरं नंदूकडच्या एका पिशवीत भरून गिरणीत टाकली आणि मेमूने घरी आलो.

वंदनाला सगळं सांगितलं. तिने आधी पापड डब्यात भरले. मग म्हणाली, "टब रिकामा दिसला तेव्हाच कळलं. मला वाटलं कुठे झाडाखाली टाकून आलात की काय. रात्रभर तेच डोक्यात."

"फोन का नाही केलास?"

"तुम्ही जाताना का नाही सांगितलंत?"

मी विषय बदलला. मुकुटाचं सांगितलं तर म्हणाली, "मुकुट? उंच मुकुट तुम्हाला हवा होता! मी तर म्हटलं होतं, देव्हाऱ्याच्या कमानीला लागेल." मी आठवून पाहिलं. कमानीला लागला होता खरा.

मग ती भांड्याबद्दल एकेक विचारत गेली. कोणाच्या घरात जाईल? त्यातून कोणी पितं का, की नुसतं गाळतं? जमिनीवर ठेवतात की स्टुलावर? मला माहीत होतं तेवढं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "आणि ते फुटलं की?"

हे मी विचारलंच नव्हतं. अनघाला फोन लावला. ती म्हणाली, "परत आणायला सांगतो. कुटून पुढच्या मातीत घालतो. पोपटीच्या खापरांसारखंच."

वंदनाने फोन माझ्या हातातून घेतला. "म्हणजे उकिरड्यावर जाणार नाही?"

"नाही वहिनी. आजवर एक तुकडा गेलेला नाही."

"मग मी येते," वंदना म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. यावेळी मेमूत खिडकी मिळाली. गिरणीत दोनदा गाळलेली आमची माती लोण्यासारखी मऊ होऊन ठेवली होती. बेबीताईंनी तीत लाल माती आणि तूस ओतलं आणि वंदनाने पदर खोचला. मी दोन-चार हात मारले, पण माझी माती घमेल्याला चिकटत होती आणि तिचा गोळा सुटत होता, भाकरीच्या पिठासारखा.

"याला म्हनतात मळनं," बेबीताई मला म्हणाल्या. "तुमी बाजूला बसून मंत्र म्हना."

"मंत्र तरी धड येतात का विचारा," वंदना म्हणाली, आणि दोघी ज्या हसल्या त्या जेवणाची सुट्टी होईपर्यंत. नंतर पाहिलं तर वंदना त्यांना उकड न फाटता मोदक कसा वळायचा ते ओल्या मातीवरच दाखवत होती. अनघाने सगळ्या गोळ्याची साच्यात भांडी दाबली आणि सावलीत ओळीने मांडली. सावकाश वाळवायची असतात. वंदनाने निघताना प्रत्येक भांड्याला हळद-कुंकू लावलं. कोणी अडवलं नाही.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. या प्रवासातून काय राहिलं, याचा विचार करतो तेव्हा डोंगर, पोपटी, फळीवरच्या फुटक्या चकत्या सगळं आठवतं. पण जास्त राहिली ती मेमूतल्या त्या बाईची तिरकी बैठक. तिचा आदर खरा होता आणि बेबीताईंचं हसणंही. एकीने पाय उचलले, दुसरीने हात घातला. मला दोघींच्या मधे उभं राहावं लागलं आणि ते अवघड वाटलं नाही. रोज सकाळी पूजा करताना पाण्याचा तांब्या उचलतो, तेव्हा वाडीवरचा झरा डोळ्यांसमोर येतो. हेही नवीन आहे.

काल संध्याकाळी अनघाचा फोन आला. भांडी पूर्ण वाळली होती. भट्टी रचून झाली होती. "दादा, शेवटचं विचारते. अजून पाण्यात टाकली तर विरघळतील. काय करू?"

वंदना स्वयंपाकघरातून बघत होती. ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. देव्हाऱ्यात मी नुकताच दिवा लावला होता.

मी अनघाला म्हटलं, "लावा भट्टी."

वंदना आत वळली आणि तिने कुकर चढवला.